साहेब बाहेर गेले आहेत

माय, आपल्या धंद्याची वेबसाइट झाली. वेबसाइट म्हणजे काय हे तुला कसं सांगावं? दुकानाची पाटी समज, फक्त ती भिंतीवर नसते. ज्याच्या त्याच्या फोनमध्ये दिसते, आणि फोन आता ज्याच्या त्याच्या खिशात असतो. हे ऐकून तू म्हणशील, पोरगी वेडी झाली, फोन कुठे खिशात मावतो का. मावतो माय. तू गेल्यानंतर इतकं काय काय झालंय की ते सांगत बसले तर मूळ गोष्ट राहून जाईल. ही पाटी तुझ्या नातवाने केली. तिच्यावर आपल्या पिशव्यांचे फोटो आहेत, तळाची दुहेरी शिवण अगदी जवळून दाखवली आहे, आणि सगळ्यात शेवटी एक पान आहे, संपर्काचं. त्या एका पानावर काय घालायचं आणि काय नाही, यात आमच्या घरातला अख्खा पावसाळा आणि अर्धी थंडी गेली. शेवटी जे ठरलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, आणि तुझं तर चांगलंच जळलेलं होतं.

सिल्वासाला आमलीतली ती खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. एका भिंतीला स्टोव्ह, समोरच्या भिंतीला मशीन आणि मधल्या जागेत आपण तिघं. आप्पा रंगाच्या कारखान्यात हेल्पर. तिथे रंग गाळायला मोठमोठ्या कापडी पिशव्या लागतात आणि उसवल्या की फेकून देतात. आप्पांनी अशीच एक पाय पुसायला म्हणून घरी आणली. ती दारात पडायच्या आत तू उचललीस, उलटीपालटी करून पाहिलीस आणि म्हणालीस, "शिवण उसवेल शे, कपडा त भलता चांगला शे." तळाला पँटीला असते तशी जाड दुहेरी शिलाई मारलीस आणि आप्पांच्या हाती परत पाठवलीस. ती टिकली. मग फोरमनने आणखी पाठवल्या, मग शेजारच्या कारखान्याने, मग नव्या पिशव्या शिवायचं कामही यायला लागलं. जुन्या पिशव्या कितीही धुतल्या तरी त्यांच्यात रंग उरायचाच. तू भाकरी थापायला बसतेस आणि बाजरीच्या पिठावर तुझी पिवळी बोटं उमटतात. मी विचारते, माय, भाकरीत हळद घातली का? तू मान वर न करता म्हणतेस, "तुना लगीननी हयद शे ती, खा गुपचूप." मला ते खरंच वाटायचं. माझ्या लग्नात तू नव्हतीस. हळद लागली तेव्हा मला आधी भाकरी आठवली आणि मी सगळ्या बायकांसमोर हसले, मग रडले. सासरच्यांना वाटलं मुलगी हळवी आहे.

तेव्हा फोन आपल्या खोलीत नव्हता, खालच्या वाण्याच्या दुकानात होता. तू कार्डं छापून घेतलीस, त्यांच्यावर वाण्याचाच नंबर आणि नंबरापुढे कंसात पी.पी. हल्लीच्या पोरांना पी.पी. म्हणजे काय ते ठाऊक नाही. नंबर आमचा नाही, शेजाऱ्याचा आहे, पण तो आम्हाला हाक मारील, एवढा सगळा अर्थ त्या दोन अक्षरांत. कार्डावर मालक म्हणून आप्पांचं नाव होतं. तुझं नाव कुठेच नव्हतं, आणि त्याचं तुलाही काही वाटलं नाही, निदान दाखवलं तरी नाहीस. फोन आला की तो वाणी, आपला शेठ, खालून ओरडायचा, "बेन, तमारो फोन छे!" आणि तू सुई दातात धरून जिना उतरायचीस. मी तुझ्यामागे. मला तो फोन बघायला आवडायचा. काळा, जड, गुळाच्या ढेपेशेजारी ठेवलेला, आणि त्याच्या गोल चकतीत नेहमी थोडं पीठ अडकलेलं.

तू ते वाक्य पहिल्यांदा बोललीस तेव्हा मी तिथेच तेलाच्या डब्याला टेकून उभी होते. पलीकडचा माणूस बहुतेक मालकालाच मागत होता. दुकानात गिऱ्हाइकं, शेठ वजन करता करता कान देऊन. तू एकदा सगळ्यांकडे पाहिलंस, पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "साहेब बाहर गये हैं. मैं बोल देती उनको." आणि त्या दिवशी आपल्या घरात एक साहेब जन्माला आला. आप्पांना तर शिवणीतलं ओ की ठो कळत नव्हतं. सगळा साहेब तूच उभा केलास आणि हळूहळू त्याला स्वभावही दिलास. साहेब सुरतेला कापड आणायला जायचे. साहेबांना घासाघीस आवडायची नाही; तू म्हणायचीस, "मुझे कुछ नहीं जी, पर साहेब चिडेंगे." साहेबांना डायबेटीस होता, का तर कुणीतरी चहाला बोलावलं होतं आणि जाणार कोण? दिवाळीला कारखान्यातून साहेबांसाठी मिठाईचा पुडा यायचा. तो मीच फोडायचे, आणि तू दुसऱ्या दिवशी खाली जाऊन फोनवर सांगायचीस की साहेबांनी एकच तुकडा खाल्ला, पण खूश झाले. शेठसुद्धा यात सामील झाला. तू नसलीस की तोच, आत्ता बाहेर पडले म्हणून सांगायचा, "साहेब तो हमणां ज गया." आप्पा रात्रपाळी करून आले की विचारायचे, "काय, तुना साहेब जेवी गया का?" आणि आपण तिघं हसायचो. आपल्या घरात त्या माणसाइतकं कुणी कुणाला हसवलं नाही, हे खरंच आहे.

पण मला मार पडला तोही त्याच्याचमुळे. मी शाळेतून येताना साखर घ्यायला दुकानात शिरले आणि फोन वाजला. शेठच्या हातात तराजू होता. त्याने मान हलवून मला खूण केली, ले, तारी मम्मीनो छे. मी रिसीव्हर उचलला. पलीकडे कुणी मराठी साहेब होते, बहुतेक नाशिकचे, आवाज चांगला होता. त्यांनी विचारलं, "साहेब आहेत का?" आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "साहेब कुणी नाहीच. माझी माय शिवते. मायच मालकीण आहे." मला वाटलं आता काहीतरी होईल. ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, "शाब्बास! हुशार आहेस. आता साहेबांना एवढं सांग, की गाडी गुरुवारी येईल." झालं. मी खरं सांगितलं होतं आणि त्यांच्या कानात ते शिरलंच नव्हतं. शेठने वर येऊन तुला सांगितलं, तू माझ्या पाठीत असा धपाटा घातलास की साखरेची पुडी फुटली. "बाईसंगे कोन सौदा करस?" तू म्हणालीस. "साहेब शे म्हनीसन पोट भरस आपलं." मी रडत रडत विचारलं, मग तू कोण? तू जमिनीवरची साखर तळहाताने गोळा करत होतीस. म्हणालीस, "मी निरोप देनारी." मग मुंग्या येतील म्हणून ओल्या फडक्याने फरशी पुसलीस आणि ती मातीची साखर त्या संध्याकाळच्या चहात घातलीस. मी तेव्हाच मनात ठरवलं होतं, की माझा स्वतःचा फोन असेल तेव्हा तो उचलल्यावर मी पहिल्या दमात सांगणार, की मीच मालक.

मग तुला तापाचं निमित्त झालं. दवाखान्यातसुद्धा तू आप्पांना विचारत होतीस, पिवळ्या कापडाचा माल गेला का. तू गेलीस, आणि चार दिवस खालचा फोन वाजत राहिला. शेठ प्रत्येकाला सांगत होता, बेन गुजरी गया. पलीकडचे अरेरे म्हणायचे आणि विचारायचे, पण माल? साहेबांशी बोलू का? कुणी भेटायला आलं नाही. येणार कसे? त्यांच्या लेखी निरोप घेणारी एक बाई गेली होती, मालक तर धडधाकट होता. शेवटी शेठने आप्पांना खाली बोलावलं. मी त्यांच्याबरोबर गेले. आप्पांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला, उलटा धरला, मग सुलटा केला. पलीकडच्याने विचारलं असणार, साहेब बोल रहे हैं? आप्पांनी एकदा गुळाच्या ढेपेकडे पाहिलं. मग म्हणाले, "साहेब भी गुजर गये." आणि फोन खाली ठेवला. ते तुझ्या मयतीत रडले नव्हते, तिथे दुकानात गिऱ्हाइकांसमोर रडले. एवढं शहाणपणाचं वाक्य त्यांनी पुन्हा आयुष्यात उच्चारलं नाही. तेराव्यानंतर थोड्याच दिवसांनी टेलिफोन खात्याचा माणूस वायरचं भेंडोळं खांद्यावर टाकून वर आला. तू कितीतरी वर्षांपूर्वी अर्ज केला होतास, आप्पांच्या नावाने. आपला नंबर लागला होता. तो फोन आम्ही घेतला आणि खिडकीत ठेवला. त्यावर कुणाचा फोन यायचा नाही, कारण तो नंबर कुणाजवळच नव्हता.

माझं लग्न होऊन मी आमलीतच राहिले, दोन गल्ल्या सोडून. मशीन मी नेली. मुलगा शाळेत जायला लागल्यावर मी पुन्हा पिशव्या शिवायला घेतल्या, आणि तुला सांगायला हरकत नाही, चांगल्या शिवल्या. माझं नशीब तुझ्यापेक्षा जरा बरं निघालं. कारखान्यांची खरेदी बघणारे दोन-तीन जुने परचेसवाले होते, मुंबईचे, पुण्याचे, कंपनीच्या क्वार्टरात राहणारे. ते स्वतः खोलीवर यायचे, मला शिवताना बघायचे, कापडावरून वाद घालायचे. त्यांना साहेबाची गरज पडली नाही कारण त्यांनी माझे हात पाहिले होते. त्यांच्या तोंडून आणखी दोघांना कळायचं आणि धंदा चालायचा. पण माणसं रिटायर होतात. एकेक करून सगळे आपापल्या गावी गेले आणि त्यांच्या खुर्च्यांवर आली ती मुलं कुणाला विचारायला बाहेर पडत नाहीत, फोनमध्ये शोधतात. फोनमध्ये अहमदाबादच्या, मुंबईच्या मोठ्या कंपन्या सापडतात, ज्यांच्या पिशव्या शिवलेल्या नसतात, मशीनने चिकटवलेल्या असतात. माझ्याकडे सुरंगी गावाहून दोन बायका शिवायला येतात. गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना आठवड्याआड यायला सांगितलं, कारण रोज द्यायला काम नव्हतं. त्यांनी नुसती मान हलवली. तेव्हा मुलगा म्हणाला, मम्मी, वेबसाइट केल्याशिवाय आता काही खरं नाही.

तुझा नातू राखोलीच्या एका औषधाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तुझ्यासारखाच पटापट बोलतो, फक्त एका वाक्यात चार भाषा असतात. रविवारी त्याने लॅपटॉप भाकरीच्या परातीशेजारी ठेवला आणि संपर्काचं पान उघडलं. तिथे रिकामे चौकोन होते. नाव, मोबाइल, ईमेल, पत्ता, नकाशा. त्याने पहिल्या चौकोनात स्वतःचं नाव टाइप करायला सुरुवात केली, अगदी सहज, विचारलंसुद्धा नाही. मी म्हटलं, माझं घाल. तो थांबला. "मम्मी, समज ना. पार्टीला साइज, मायक्रॉन, टेंपरेचर असं बोलायचं असतं. डायरेक्ट टेक्निकल माणूस लागतो."

"ते मला बोलता येत नाही?"

"तुला येतं गं. त्यांना ऐकता येत नाही, त्याला मी काय करू?"

तरी मी हट्ट धरला. म्हटलं, हात दाखवून अवलक्षण तर अवलक्षण, माझंच नाव आणि माझाच नंबर. त्याने घातलं. पानावर माझं नाव उठलं, पुढे मालक असं लिहिलेलं, आणि मी ते पान दिवसातून कितीदा उघडून बघायचे ते त्या दोन बायकांना विचार. त्यांनाही दाखवलं. एक म्हणाली, "बरा हाय ताई." मग मी त्यांचे नंबर विचारले, म्हटलं काम आलं की लगेच कळवीन. ती म्हणाली, "माना फोन कठं? त्याचाच हाय." त्याचा म्हणजे नवऱ्याचा, आणि तो दिवसभर कामावर. दुसरीचंही तेच. माझ्या कारखान्यात आम्ही तिघी, आणि तिघींत नंबर एक.

फोन यायला लागले. कामाचे नाही माय. पहिला म्हणाला, नाव खूप छान आहे मॅडम तुमचं, असंच बोलायला केला. एकजण रोज दुपारी करायचा आणि म्हणायचा, बस, आवाज ऐकायचा होता. कुणी गुलाबाची चित्रं पाठवायचं, सुप्रभात, शुभरात्री. कुणी जेवायच्या वेळी, कुणी झोपायच्या वेळी, कुणी असा फोन करायचा की ज्यात तोंड दिसतं. मी पन्नाशीला आले, चष्मा लागला, गुडघे वाजतात. मला हसू आलं आधी. मग येईनासं झालं. तुझे जावई स्वभावाने गरीब, कधी वर आवाज करून बोलले नाहीत. तेही जेवताना फोन वाजला की घास हातात धरून बघत राहायचे आणि विचारायचे, कोण आहे? मी म्हणायचे, कुणी नाही. आणि ते पुन्हा विचारायचे नाहीत, हेच वाईट होतं. इतक्या वर्षांचा संसार, आणि मी चोरी न करता चोरासारखी फोन उपडा ठेवायला लागले. मग एका दुपारी एक माणूस नकाशा बघत बघत खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. पिशवी नको, काही नको. सुरंगीच्या बायकांकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघून विचारतो, "वो मैडम आप ही हैं ना?" आणि नुसता हसत उभा. एकीने कात्री हातात घेतली तेव्हा गेला.

त्या सगळ्या गोंधळात खरा फोन एकच आला. माणूस मधेमधे खोकत होता. त्याला गरम द्रव गाळायला पिशव्या हव्या होत्या. मी म्हटलं बोला. तो म्हणाला, सर को दीजिए. मी म्हटलं, मीच मालक आहे. त्या क्षणासाठी, माय, मी त्या फुटलेल्या साखरेपासून थांबले होते. तो म्हणाला, "हाँ हाँ मैडम, ठीक है, लेकिन टेक्निकल बात है." मी त्याला सांगितलं, की तुम्ही म्हणता ते कापड त्या उष्णतेत आकसेल, दुसरं घ्या, आणि तोंडाला तारेची कडी लावा. तो ऐकत होता असं मला वाटलं. शेवटी म्हणाला, "ठीक है, सर आयें तो कॉल बैक करवा दीजिए." मी पुन्हा सांगितलं, सर कुणी नाहीत. त्याने हसून फोन ठेवला. नंतर दोनदा मीच लावला, त्याने उचलला नाही.

मग त्या पानावरून एकेक गोष्ट निघायला लागली. आधी नकाशा काढला, कारण खोली आणि घर एकाच जिन्यावर. मग गल्लीचं नाव काढलं, नुसतं आमली, सिल्वासा राहिलं. मग माझा मोबाइल. ईमेल ठेवला, पण तो उघडतो मुलगा, मला चष्म्यानेही ती अक्षरं दिसत नाहीत. माझं नाव तेवढं राहू दे म्हटलं. मुलगा म्हणाला, नाव एकीचं आणि नंबर दुसऱ्याचा, लोकांना फ्रॉड वाटेल. बरोबर होतं त्याचं. सगळ्यांचं सगळं बरोबरच होतं, म्हणून तर भांडता येईना. त्याने चौकोनात स्वतःचं नाव घातलं आणि पुढे लिहिलं टेक्निकल हेड. मला म्हणाला, "मम्मी, काम तर तुझंच आहे ना, नावात काय ठेवलंय?" मी म्हटलं, काही नाही रे बाबा, आणि भाकरी उलटायला वळले, कारण माझं तोंड त्याने बघावं असं मला वाटेना. तू जे उघड्या डोळ्यांनी केलंस तेच मी केलं, फक्त तुला ते करताना हसता यायचं. तुझा साहेब खोटा होता. तो जेवायला ताटावर बसत नव्हता, आणि उद्या तो खरंच मालक होऊन बसेल अशी भीती तुला नव्हती.

आता यातली गंमत ऐक. त्याने धंद्यासाठी वेगळा नंबर घेतला, वेगळा फोन घेतला, दोन्ही स्वतःच्या नावावर. आणि मग लक्षात आलं, की त्याच्या कारखान्यात आत फोन न्यायला बंदी आहे. गेटवर ठेवावा लागतो, औषधाचा कारखाना आहे, स्फोटाची भीती. शिफ्ट संपेपर्यंत हात लावता येत नाही. म्हणून तो फोन सकाळी माझ्या मशीनवर ठेवून जातो. गुळाची ढेप नाही, एवढाच काय तो फरक. नाव त्याचं, नंबर त्याचा, आणि वाजला की उठायचं मी. म्हणजे माय, इतकं सगळं होऊन, खिशात मावणारा फोन येऊन, मी पुन्हा पी.पी. झाले. फक्त ती दोन अक्षरं आता कुणी छापत नाही.

काल दुपारी तो वाजला. मी उचलला तेव्हा तोंडात सुई होती, ती काढली. पलीकडे आधी खोकला ऐकू आला. तोच माणूस. त्याला अर्थात मी ओळखू आले नाही, त्याने वेबसाइटवरच्या नव्या नावाला फोन केला होता. विचारलं, "सर हैं?" आणि मी विचार केला नाही. खोटं वाटेल तुला, पण आवाजसुद्धा माझा नव्हता, तुझा होता, तो थोडा नाकातला, अदबीचा, तेलाच्या डब्याशेजारचा. मी म्हटलं, "साहेब बाहर गये हैं. मैं बोल देती उनको." तो म्हणाला, ठीक आहे, लिहून घ्या. त्याने माप सांगितलं, कापड सांगितलं, तेच चुकीचं कापड. मी म्हटलं, साहेब कहते हैं ये कपड़ा इतनी गर्मी में सिकुड़ जाएगा. तो थांबला. म्हणाला, अच्छा? मग कुठलं? मी म्हटलं, साहेब तर दुसरंच देतात, आणि तोंडाला तारेची कडी लावतात. हेच सगळं मी त्याला पावसाळ्यात सांगितलं होतं. या वेळी त्याने कागद-पेन घेतलं, मला कागदाचा आवाज आला. साहेब किती बारकाईने बघतात, म्हणाला. आणि ऑर्डर दिली. सुरंगीच्या बायकांना या आठवड्यात रोज काम आहे.

माझ्या समोरच्या खाकी कागदावर मी हे लिहिते आहे, पिशव्या कापायचे फर्मे आपण ज्याच्यावर काढतो तोच. दुसरा एवढा मोठा कागद घरात नव्हता. उद्या सकाळी त्या खोकणाऱ्या माणसाच्या पिशवीच्या तळाच्या गोलाचा फर्मा यातूनच कापायचा आहे, म्हणून हे कुठे पाठवण्याचा, ठेवण्याचा प्रश्नच नाही. तुझा पत्ता असता तरी मी पाठवलं नसतं. तू वाचून धपाटा घातला नसतास, गप्प बसली असतीस, आणि ते मला सोसलं नसतं.

एक तेवढं मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. फोन ठेवण्याआधी तो माणूस म्हणाला, "साहेब को बोलना, ऑफिस में लेडी अच्छी रखी है, सब मालूम है आपको." आणि मी म्हटलं, थँक यू सर. चिडून नाही गं, खरंच म्हटलं. दिवसभर मला बरं वाटत होतं.